प्युपिलेजचं वर्ष : इंग्लंडमध्ये नव्या बॅरिस्टरचं प्रशिक्षण प्रत्यक्षात कसं चालतं

लंडनच्या इनर टेम्पल या बॅरिस्टरांच्या संस्थेने मोहनदास गांधींना १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर केलं. ११ तारखेला त्यांनी तिथल्या हायकोर्टात नाव नोंदवलं आणि १२ तारखेला बोटीने मायदेशी निघाले. पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला दावा हाती आला. त्यांच्याकडे प्रतिवादीची बाजू होती, म्हणजे वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. ते उभे राहिले, डोकं गरगरायला लागलं आणि विचारायला एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, काम दुसऱ्या वकिलाकडे सोपवायला सांगितलं आणि फी परत केली. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. कायदा त्यांना येत होता, परीक्षा पास झालेली होती. पण कोर्टात उभं राहण्याआधी कोणा जाणत्याच्या मागे बसून काम पाहण्याची सक्ती तेव्हा नव्हती.

आज इंग्लंड आणि वेल्समध्ये ती आहे. तिला प्युपिलेज म्हणतात. ते पूर्ण वेळ केलं तर साधारण एक वर्षाचं असतं, आणि त्याशिवाय तिथे स्वतंत्रपणे वकिली करता येत नाही. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी आहे, हा लेख त्यांच्याबद्दल नाही.) पुण्या-मुंबईतून लॉ करून तिकडे जाऊ पाहणारे विद्यार्थी आणि लंडन, लेस्टर, मँचेस्टरमध्ये वाढलेली मराठी घरांतली मुलं या वर्षाबद्दल खूप विचारतात. बहुतेकांना भीती असते ती कोर्टात बोलण्याची. माझ्या मते ती भीती चुकीच्या जागी आहे. या वर्षात वक्तृत्व फार थोडं तपासलं जातं. न्यायाधीश, सॉलिसिटर (अशिलाशी थेट व्यवहार करून बॅरिस्टरला काम देणारा वकील), क्लार्क आणि समोरचा वकील यांना तुमच्या शब्दावर निर्धास्त विसंबता येतं का, हे मात्र रोज तपासलं जातं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीपाशी येतं.

प्युपिलेजपर्यंतचा रस्ता

हा भाग थोडक्यात सांगतो. आधी कायद्याची पदवी लागते, किंवा दुसरी पदवी आणि त्यावर कायद्याचा रूपांतर अभ्यासक्रम. मग चार इनपैकी, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या जुन्या संस्थांपैकी, एकाचं सभासद व्हायचं : लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल किंवा ग्रेज इन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे, १९२२ साली बॅरिस्टर झाले. मुंबईच्या मिठन टाटा (पुढे लाम) लिंकन्स इनच्या, १९२३ सालच्या. इन निवडताना नातेवाइकांचं ऐकून मोठ्या नावाच्या मागे लागू नका. चौघांचा दर्जा एकच आहे. शिष्यवृत्त्या आणि मुलाखतीची पद्धत यांत फरक असतो, तो बघा.

त्यानंतर बार कोर्स, म्हणजे वकिलीचा व्यावसायिक अभ्यासक्रम. त्याची फी संस्थेनुसार कित्येक हजार पौंडांत जाते आणि परदेशी विद्यार्थ्यांना बहुधा जास्तच पडते. चारही इन मिळून दरवर्षी लाखो पौंडांच्या शिष्यवृत्त्या देतात, त्यासाठी कोर्सच्या आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. इनमध्ये १० ‘क्वालिफाइंग सेशन’ पूर्ण करायची असतात. पूर्वी हॉलमध्ये ठरावीक संख्येने जेवणं केली की भागायचं. आता त्यांत व्याख्यानं, मूट (सरावाचे नकली खटले) आणि निवासी शिबिरंही येतात. हे सगळं झालं की इनच्या समारंभात ‘कॉल’ होतो.

इथे अनेकांची फसगत होते. कॉल झाला म्हणजे नावापुढे बॅरिस्टर लागतं, पण कोर्टात उभं राहायचा हक्क मिळत नाही. तो प्युपिलेजमधूनच मिळतो, आणि प्युपिलेजच्या जागा बार कोर्स पास होणाऱ्यांच्या मानाने फारच कमी आहेत. घर गहाण टाकून किंवा मोठं शैक्षणिक कर्ज काढून बार कोर्सला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. बार कोर्सचा निकाल प्युपिलेजसाठी पाच वर्षं धरला जातो, त्यामुळे पुन्हा पुन्हा अर्ज करायला अवधी असतो, पण तो अमर्याद नाही.

अर्ज मुख्यतः बार कौन्सिल या बॅरिस्टरांच्या प्रतिनिधी संस्थेच्या ‘प्युपिलेज गेटवे’ या संकेतस्थळावरून होतात. जाहिराती नोव्हेंबरच्या अखेरीस दिसू लागतात, अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जातात, मुलाखती वसंतात होतात आणि ऑफर मे महिन्यात येतात. एका फेरीत गेटवेवरून जास्तीत जास्त २० अर्ज करता येतात. काम बहुधा त्याच्या पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. भारतीय पासपोर्टवर असाल तर ऑफर स्वीकारतानाच व्हिसाची गोष्ट काढा. त्यात संकोच बाळगू नका, प्युपिलेज देणाऱ्या चेंबर्सना (बॅरिस्टरांच्या समूहांना) हा प्रश्न नवा नाही.

रुजू होण्याआधी

चेंबर्स म्हणजे कंपनी नव्हे. स्वतंत्र धंदा करणाऱ्या बॅरिस्टरांनी जागा, क्लार्क आणि खर्च वाटून घेतलेला तो समूह असतो. (क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस आणि सरकारी विधी विभागातही प्युपिलेज मिळतं. तिथे तुम्ही पगारी नोकर असता.) त्यामुळे तुमचं ‘ऑफिस’ म्हणजे खरं तर तुमचा सुपरवायझर, तुम्हाला हाताखाली घेऊन शिकवणारा अनुभवी बॅरिस्टर. आपल्याला कोण मिळणार आहे हे कळलं की त्यांचे गेल्या वर्षी-दोन वर्षांतले प्रसिद्ध झालेले निकाल वाचून काढा. त्यांना खूश करण्यासाठी हे करायचं नाही. पहिल्या आठवड्यात ते ज्या विषयावर बोलतील तो कानाला परका वाटू नये, एवढ्यासाठी करायचं.

प्युपिलेजची नोंदणी बार स्टँडर्ड्स बोर्ड या नियामक संस्थेकडे वेळेत झाली आहे ना, हे स्वतः तपासा. चेंबर्स करतील म्हणून गप्प बसू नका. नोंदणी राहिली तर तो काळ धरला जाण्याचा प्रश्न उभा राहतो.

कपड्यांचं सांगायचं तर गडद सूट दोन हवेत, कारण एक कायम धुलाईत असतो. घोड्याच्या केसांचा विग, काळा गाऊन आणि गळ्याच्या पांढऱ्या पट्ट्या यांचा खर्च मोठा असतो. विग दुसऱ्या सहामाहीआधी घेतला तरी चालतो. किरकोळ गुन्ह्यांच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात विग-गाऊन लागतच नाही, तो लागतो गंभीर गुन्ह्यांच्या क्राउन कोर्टात. इनकडे आणि चेंबर्समधल्या सीनिअरांकडे वापरलेल्या गाऊनची चौकशी जरूर करा.

पहिली सहामाही : वाचणं, लिहिणं, मागे बसणं

वर्षाचे दोन भाग पडतात. पहिल्या सहामाहीत तुम्ही कोणाचंही वकीलपत्र घेऊ शकत नाही. सुपरवायझरच्या खोलीत एक टेबल मिळतं, त्यांच्या सगळ्या फाइली वाचायच्या, त्यांच्याबरोबर कॉन्फरन्सला आणि कोर्टात जायचं.

पहिल्याच दिवशी सुपरवायझरना तीन गोष्टी विचारून घ्या. तुम्हाला काम कोणत्या स्वरूपात हवं, मध्ये प्रश्न पडला तर लगेच विचारू की साठवून दिवसाअखेरीस, आणि माझ्या कामावर अभिप्राय कधी मिळेल. आपल्याकडच्या मुलांना हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं. मोठ्यांपुढे प्रश्न न विचारता हात बांधून उभं राहण्याची आपली सवय इथे नडते. प्युपिलने गप्प बसून चुकीच्या दिशेने दोन दिवस काम केलं, तर सुपरवायझरना त्याचा त्रास प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त होतो.

कामाचा मोठा भाग लेखी असतो. दिवाणी चेंबर्समध्ये दाव्याचे कागद, कैफियत, सॉलिसिटरसाठी लेखी अभिप्राय आणि सुनावणीआधी न्यायाधीशांना द्यायचं स्केलेटन आर्ग्युमेंट हे सगळं लिहायला मिळतं. बहुतेकदा सुपरवायझरनी आधीच पूर्ण केलेल्या प्रकरणाचे मूळ कागद देतात, तुम्ही आपला मसुदा लिहायचा आणि मग त्यांचा मसुदा शेजारी ठेवून पाहायचा. या पद्धतीइतकं दुसरं काहीही शिकवत नाही. दोन्ही मसुदे वाचताना आपण काय चुकीचं लिहिलं यापेक्षा त्यांनी काय लिहिलंच नाही हे शोधा. नव्या माणसाच्या मसुद्यात सगळे मुद्दे असतात, अनुभवी माणसाच्या मसुद्यात तीन असतात, आणि त्या तिनांची निवड हेच खरं कौशल्य.

अभिप्राय लिहिताना एक पथ्य पाळा : उत्तर पहिल्या परिच्छेदात. आपल्या परीक्षांनी आपल्याला आधी प्रस्तावना, मग कायद्याचा इतिहास, मग तरतुदी आणि शेवटी निष्कर्ष असं लिहायला शिकवलं. सॉलिसिटरला फोनवर अशिलाला सांगायचं असतं की दावा लढवावा की तडजोड करावी. ते त्याला पहिल्या दहा ओळींत सापडलं पाहिजे. आणि वाचकाला ज्यावर निर्णय घ्यायचा आहे ती प्रत्येक तारीख, रक्कम आणि पानाचा क्रमांक मूळ कागदावरून पुन्हा तपासा. कायद्याच्या मुद्द्यावर तुमचं मत चुकलं तर सुपरवायझर समजावतील. तारीख चुकली तर पुढच्या वेळी ते तुमचं सगळं काम स्वतः तपासत बसतील, आणि तो विश्वास परत मिळवायला महिने लागतात. निकाल उद्धृत करताना तर दुप्पट काळजी. संगणकाने सुचवलेला, पण अस्तित्वातच नसलेला निकाल कोर्टापुढे ठेवण्याबद्दल इंग्लंडच्या हायकोर्टाने २०२५ साली वकिलांची कडक हजेरी घेतली. जो निकाल तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही, तो तुमच्या कागदावर येता कामा नये.

कोर्टात मागे बसून टिपणं घेणं हे हमालीचं काम वाटतं, पण त्यात डोकं लागतं. साक्षीदाराचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे, प्रत्येक पानावर वेळ, न्यायाधीशांनी मध्येच विचारलेला प्रश्न वेगळ्या खुणेने. अपील झालं तर हीच टिपणं उपयोगी पडू शकतात. न्यायाधीशांचा प्रश्न हा सर्वांत मोलाचा, कारण त्यांचं मन कुठे अडलं आहे ते त्यातून कळतं. संध्याकाळी सुपरवायझरना विचारा, “तो मुद्दा तुम्ही सोडून का दिलात?” हा प्रश्न त्यांना आवडतो, असा माझा अनुभव आहे.

काही चेंबर्समध्ये ठरावीक महिन्यांनी लेखी चाचण्या आणि नकली सुनावण्या होतात, त्यांना गुण मिळतात. काही ठिकाणी दर काही महिन्यांनी सुपरवायझर बदलतो आणि प्रत्येकाचा अहवाल टेनन्सी (चेंबर्सचं कायमचं सभासदत्व) ठरवणाऱ्या समितीकडे जातो. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते पहिल्याच आठवड्यात लेखी मागून घ्या. आणि स्वतःची डायरी ठेवा : काय वाचलं, काय लिहिलं, कोणत्या कोर्टात गेलो, काय अभिप्राय मिळाला. बार स्टँडर्ड्स बोर्डाने नव्या बॅरिस्टरला काय काय आलं पाहिजे याची यादी ठरवून दिली आहे आणि शेवटी सुपरवायझरना तिच्यावर सही करायची असते. डायरी असेल तर कोणती बाजू लंगडी राहिली ते आठव्या महिन्यातच लक्षात येतं.

सक्तीचे कोर्स आणि परीक्षा

वर्षभरात वकिली कौशल्याचं प्रशिक्षण लंडनमध्ये इन घेतात, बाहेर सर्किट, म्हणजे बॅरिस्टरांच्या प्रादेशिक संघटना, घेतात. तिथे बहुधा हॅम्पेल पद्धत वापरतात. तुम्ही पाच-सात मिनिटं उलटतपासणी किंवा युक्तिवाद करता. प्रशिक्षक एकच दोष निवडतो आणि एका वाक्यात सांगतो. मग तुमचेच शब्द तुम्हाला वाचून दाखवतो. तो दोष का, आणि काय करायला हवं होतं ते सांगतो. स्वतः करून दाखवतो, आणि लगेच तुमच्याकडून पुन्हा करून घेतो. एका वेळी एकच दोष हे या पद्धतीचं बळ आहे. सगळ्या गटासमोर स्वतःची फसलेली वाक्यं ऐकणं अवघड जातं, पण दोन तासांत जो फरक पडतो तो विलक्षण असतो. बहुतेकांना पहिल्यांदा ऐकावं लागतं ते हेच : एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. “तुम्ही त्या रात्री दारू प्यायला होतात आणि अंधारही होता, मग तुम्हाला दिसलं कसं?” यात तीन प्रश्न आहेत, आणि साक्षीदार त्यांतल्या सोयीच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तडजोडीच्या वाटाघाटींचंही प्रशिक्षण असतं. व्यावसायिक नीतिनियमांची मध्यवर्ती परीक्षा प्युपिलेजमध्येच द्यावी लागते. पुस्तक उघडं ठेवून लिहायची म्हणून हलक्यात घेऊ नका. तिथे नियम पाठ आहेत का हे कोणी विचारत नाही, अडचणीच्या प्रसंगात काय कराल हे विचारतात. सक्तीच्या कोर्सची फी प्युपिलच्या खिशातून जायची नसते, ती चेंबर्सकडून किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेकडून मिळते.

नीतिनियम : रोजच्या कामातले

बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या हँडबुकात १० मूलभूत कर्तव्यं आहेत. पहिलं न्यायदानात कोर्टाप्रती असलेलं कर्तव्य, आणि ते बाकीच्यांच्या वर. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते असं समोर येतं : सकाळी सुनावणी आहे, रात्री अकराला तुम्हाला अपील कोर्टाचा एक निकाल सापडतो जो तुमच्या बाजूच्या थेट विरुद्ध जातो, आणि समोरच्या वकिलाच्या कागदात त्याचा पत्ता नाही. तो निकाल तुम्हाला न्यायाधीशांना दाखवावाच लागतो. मग त्यातून आपली बाजू वेगळी कशी आहे हे सांगण्याचा प्रयत्न करा, पण लपवता येत नाही.

दुसरा प्रसंग फौजदारीतला. अशील खाजगीत म्हणतो, “मारलं मीच, पण गुन्हा कबूल करायचा नाही.” त्याचं काम सोडायलाच हवं असं नाही. सरकारी पक्षाचा पुरावा कच्चा आहे हे तुम्ही दाखवू शकता. पण तो तिथे नव्हताच, असं तुम्ही कोर्टाला सांगू शकत नाही, आणि तसं सांगणारा साक्षीदार उभा करू शकत नाही. त्याने तुम्हाला सांगितलेलं तुम्ही बाहेरही फोडू शकत नाही. या दोन बंधनांमधली वाट अरुंद आहे आणि ती आधीच डोक्यात पक्की असावी लागते, कारण असा कबुलीजबाब बहुधा सुनावणीला दहा मिनिटं उरली असताना येतो.

अडलात तर सुपरवायझरना फोन करा, ते न सापडले तर बार कौन्सिलची नीतिनियमांसाठीची हेल्पलाइन आहे. कोर्टात असाल तर उभं राहून थोडा वेळ मागा. न्यायाधीश तो सहसा देतात. घाईत दिलेलं चुकीचं उत्तर निस्तरणं वेळ मागण्याहून फार महागात पडतं.

क्लार्क

चेंबर्सचे क्लार्क म्हणजे कारकून अशी समजूत असेल तर ती लगेच सोडा. काम आणणं, ते कोणाला द्यायचं ठरवणं, फी ठरवणं, डायरी सांभाळणं हे सगळं त्यांच्या हातात असतं. सीनिअर क्लार्क चेंबर्समधल्या अनेक बॅरिस्टरांपेक्षा जास्त वर्षं तिथे असतो. सॉलिसिटरने सुनावणीनंतर “ती नवी मुलगी छान होती, पुन्हा पाठवा” असं सांगितलं तर ते पहिलं क्लार्कच्या कानावर जातं, आणि तक्रारही तिथेच जाते. त्यांच्याशी नम्रपणे आणि सरळ वागा. ज्या दिवशी येऊ शकणार नाही तो दिवस आधी सांगा, आजारी असाल तर पहाटेच कळवा, कोर्टात सुनावणी लांबली तर तिथूनच निरोप द्या. संध्याकाळी सहाला आलेल्या उद्याच्या कामाला नाही म्हणता येतं, पण कारण खरं हवं.

दुसरी सहामाही : स्वतःच्या पायावर

सुपरवायझरनी पहिली सहामाही पूर्ण झाल्याची सही दिली की तात्पुरतं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट मिळतं. आता तुमच्या नावावर काम येतं, सुपरवायझरची देखरेख मात्र राहते. फौजदारी चेंबर्समध्ये पहिल्या आठवड्यापासून जवळजवळ रोज मॅजिस्ट्रेट कोर्ट असतं : पहिली हजेरी, जामीन, शिक्षेची सुनावणी, छोटे खटले. दिवाणी चेंबर्समध्ये काउंटी कोर्टातले रस्ते अपघाताचे दावे, घरमालक-भाडेकरूंची प्रकरणं आणि १०,००० पौंडांपर्यंतचे लहान दावे. मोठ्या व्यापारी चेंबर्समध्ये मात्र प्युपिल वर्षभरात क्वचितच उभा राहतो, तिथे दुसरी सहामाहीसुद्धा कागदांतच जाते.

एका मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दिवसाचा क्रम सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

१. आदल्या संध्याकाळी ब्रीफ, म्हणजे प्रकरणाचे कागद, येतं. आधी आरोपपत्र, मग गुन्ह्याचे घटक, मग पुरावा वाचा. आरोपाचं कलम उघडून वाचाच, आठवणीवर जाऊ नका. शिक्षेची सुनावणी असेल तर सेन्टेन्सिंग कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वं काढून आपलं प्रकरण कोणत्या श्रेणीत बसतं ते लिहून ठेवा.

२. बोलायची पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं कागदावर. मधलं सगळं लिहून वाचू नका, फक्त मुद्दे.

३. सुनावणी दहाला असली तरी नऊला पोहोचा. लंडनबाहेरच्या कोर्टाला जाताना एक गाडी आधीची पकडा. चार्जर, पाण्याची बाटली आणि कागदाची छापील प्रत बरोबर.

४. कोर्टात हजेरी नोंदवणाऱ्या अशरला नाव सांगा, सरकारी वकिलाला भेटा आणि रात्रीत नवीन कागद आले का ते विचारा. मग अशील : बाहेर असेल तर शांत कोपऱ्यात, कोठडीत असेल तर तिथे जाऊन. तुम्ही कोण, आज काय होईल, जास्तीत जास्त वाईट काय होऊ शकतं, हे साध्या शब्दांत. त्याने जे ठरवलं ते लिहून त्याची सही घ्या. दोषी की निर्दोष हा निर्णय त्याचा असतो, तुमचा नाही.

५. आत गेल्यावर समोर बहुधा तीन मानद मॅजिस्ट्रेट आणि त्यांना कायदा सांगणारा सल्लागार असतो, किंवा एकटा डिस्ट्रिक्ट जज. डिस्ट्रिक्ट जजला डिसेंबर २०२२ पासून ‘जज’ असंच संबोधतात. सर्किट जजला ‘युवर ऑनर’, हायकोर्टात ‘माय लॉर्ड’ किंवा ‘माय लेडी’. समोरचा बॅरिस्टर ‘माय लर्नेड फ्रेंड’. चुकून वेगळं म्हणालात तर सुधारून पुढे चला, त्यावर कोणी तुमची परीक्षा करत नाही.

६. जामीन मागताना भावनेला हात घालण्यापेक्षा सरकारी पक्षाचा प्रत्येक आक्षेप घ्या आणि त्यावर अट सुचवा. पळून जाईल म्हणत असतील तर पासपोर्ट जमा, पोलिस ठाण्यात हजेरी. साक्षीदारावर दबाव आणेल म्हणत असतील तर संपर्कबंदी आणि वेगळा पत्ता. १९७६ च्या जामीन कायद्यात सुरुवात जामिनाच्या बाजूने होते, हे लक्षात असू द्या.

७. निकालानंतर बाहेर येऊन अशिलाला काय झालं ते पुन्हा सांगा. आत त्याने निम्मं ऐकलेलं नसतं. पुढची तारीख कागदावर लिहून द्या.

८. त्याच संध्याकाळी सॉलिसिटरला अटेंडन्स नोट पाठवा : काय झालं, कोर्टाने काय आदेश दिला, पुढे कोणी काय कधीपर्यंत करायचं. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

हा आठवा मुद्दा मी मुद्दाम ठासून सांगतो. सॉलिसिटर कोर्टात हजर नसतो, त्याने तुमचा युक्तिवाद ऐकलेला नसतो. त्याच्या हातात पडते ती ही नोट. ती नीट, खरी आणि वेळेवर असेल, त्यात “हा मुद्दा न्यायाधीशांनी मान्य केला नाही” हेही सरळ लिहिलेलं असेल, तर तो पुढचं काम तुमचं नाव घेऊन पाठवतो. नव्या बॅरिस्टरची प्रॅक्टिस अशीच उभी राहते.

पैसा

प्युपिलेज बिनपगारी असू शकत नाही, २००३ पासून हा नियम आहे. त्याआधीच्या पिढ्यांत तर उलट प्युपिलच गुरूला १०० गिनी (जुनं इंग्रजी चलन) मोजायचा. किमान रक्कम बार स्टँडर्ड्स बोर्ड दरवर्षी ठरवतं. २०२४ साली ती लंडनमध्ये वर्षाला २३,०७८ आणि बाहेर २१,०६० पौंड होती. मोठी व्यापारी चेंबर्स ७० हजारांच्या वर देतात, फौजदारी आणि कौटुंबिक चेंबर्स बरेचदा किमान रकमेच्या जवळपास. लंडनमध्ये किमान रकमेत राहणं ओढाताणीचं आहे. ऑफर घेण्याआधी भाडं आणि प्रवास यांचा हिशेब मांडा.

दुसऱ्या सहामाहीची फी हातात यायला महिने लागू शकतात, विशेषतः सरकारी कायदेशीर मदतीच्या कामात. त्या दरांच्या प्रश्नावरूनच २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टरांनी काम बंद ठेवलं होतं. स्वयंरोजगारित म्हणून कर खात्याकडे नोंदणी करा आणि आलेल्या प्रत्येक रकमेतला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. पहिल्या वर्षाचं कराचं बिल उशिरा येतं आणि तोवर पैसे आपलेच वाटत असतात.

त्रास झाला तर

हे बोललं पाहिजे. ज्याच्या हातात तुमची सही आणि तुमचं भवितव्य आहे त्याने अपमान केला, नको तिथे हात लावला, वंशावरून किंवा उच्चारावरून टोमणे मारले, तर बोलणं किती कठीण असतं हे बारमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. २०२५ मध्ये माजी मंत्री हॅरिएट हरमन यांनी बारमधल्या दादागिरी आणि छळाचा स्वतंत्र आढावा घेऊन सुधारणा सुचवल्या. तेव्हा ‘आपल्याच बाबतीत होतंय’ असं समजून गिळून टाकू नका. तारीख-वारानिशी लिहून ठेवा. इनमधले मार्गदर्शक, दुसरे सुपरवायझर आणि बार कौन्सिलची गोपनीय मदत, यांपैकी ज्याच्यावर विश्वास बसेल त्याच्याशी बोला. सुपरवायझर बदलून मागता येतो. कामाचा ताण असह्य झाला तर वकिलांसाठीच काम करणारी ‘लॉकेअर’ ही संस्था मोफत ऐकून घेते.

कठोर अभिप्राय हा मात्र छळ नव्हे. “हा परिच्छेद काढून टाका, याला काही अर्थ नाही” असं लाल शेऱ्यात येईल. तो शेरा कागदावर आहे, तुमच्यावर नाही.

टेनन्सी आणि त्यानंतर

वर्षाच्या शेवटाकडे चेंबर्स मतदान करतात किंवा समिती निर्णय घेते : तुम्हाला कायमचं सभासदत्व, म्हणजे टेनन्सी, द्यायची की नाही. सुपरवायझरांचे अहवाल, क्लार्कचं मत, सॉलिसिटरांचे निरोप सगळं तिथे मांडलं जातं. नकार आला तर तो नेहमी तुमच्या कुवतीवरचा शेरा नसतो. कधी चेंबर्समध्ये तेवढं काम नसतं. अशा वेळी दुसऱ्या चेंबर्समध्ये ‘थर्ड सिक्स’, म्हणजे आणखी सहा महिन्यांचं प्युपिलेज, करतात आणि तिथून अनेकांचं नीट बस्तान बसतं. कारण विचारा, ते लेखी मिळालं तर उत्तम, आणि पुढच्या अर्जात ते सुधारून दाखवा.

टेनन्सी मिळाली तरी पहिली तीन वर्षं एकट्याने स्वतंत्र कार्यालय थाटता येत नाही. सल्ला द्यायला पात्र असा अनुभवी बॅरिस्टर त्याच ठिकाणी असावा लागतो.

मराठी वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी

तिकडे बॅरिस्टर होऊन मुंबईत, नागपुरात किंवा पणजीत वकिली करायचा विचार असेल तर जुन्या काळचा हिशेब विसरा. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार केवळ बॅरिस्टर असण्यावर सनद मिळण्याची सोय ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत कॉल झालेल्यांपुरतीच होती. आज बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद हवी, आणि त्यासाठी भारतात मान्य असलेली कायद्याची पदवी. परदेशी पदवी असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आणि पात्रता परीक्षा हे टप्पे येतात. बार कोर्सची फी भरण्याआधी हे तपासा.

उलट दिशेने, म्हणजे इथे काही वर्षं वकिली करून तिकडे जायचं असेल, तर बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे अर्ज करून काही टप्प्यांतून सूट मागता येते. किती सूट मिळेल ते तुमच्या अनुभवावर ठरतं आणि एक परीक्षा द्यावी लागू शकते. इथे केलेल्या कामाचा पुरावा, म्हणजे तुमच्या नावाने नोंद असलेले आदेश, वकीलपत्रं, सीनिअरांची पत्रं, आजपासूनच तारखेनुसार लावून ठेवा. आपल्याकडे कनिष्ठ वकिलांसाठी सक्तीच्या उमेदवारीचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ साली केले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने ते १९९९ मध्ये रद्द ठरवले. त्यामुळे इथल्या ज्युनिअरशिपची कोणतीही अधिकृत नोंदवही नसते. अर्जाच्या वेळी ती तुम्हालाच कागदांवरून उभी करावी लागेल.